मारधाडीच्या चित्रपटातील माणूस



ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे, तेथे उभे राहून मारधाडीच्या चित्रपटांविषयी बोलणे काहींना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा हा गृहस्थ बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसमोर बोलतच असतो. परंतु ज्या माणसांत आमचे आयुष्य गेले, ती माणसे सुटीच्या दिवशी काय पाहतात आणि सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी कशावर तावातावाने बोलतात, हे ऐकत ऐकत आम्हांला या विषयाची गोडी लागली. साहित्याचे शास्त्र आम्ही पाठशाळेत शिकलो नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चौकश्यांच्या खोलीत. आज बोलणार आहोत ते मुख्यतः त्या दुसऱ्या शाळेतले.

कारखान्यातली चौकशी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एखाद्या कामगाराने वरिष्ठावर हात टाकला, तर त्याला आरोपपत्र मिळते. अमुक तारखेला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, अमुक खात्यात, तुम्ही पर्यवेक्षकाच्या डाव्या गालावर उजव्या हाताने ठोसा मारला. सारे खरे असते. साक्षीदार असतात. आमच्या भागातील एका कारखान्यात असाच एक वेल्डर होता. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध कागदाचा कपटा नव्हता. ठोसा का मारला, तर म्हणे चहाच्या सुटीवरून. आम्ही त्याला घेऊन दोन संध्याकाळ बसलो, तेव्हा कोठे बोलता झाला. अकरा दिवसांपूर्वी त्याच पर्यवेक्षकाने त्याला सर्वांदेखत झाडू घेऊन लोखंडाचा कीस लोटायला लावले होते. आणि त्याच आठवड्यात त्याचा मुलगा त्याच खात्यात शिकाऊ म्हणून लागला होता व समोर उभा होता. चौकशी अधिकारी म्हणाले, अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट आरोपाशी संबंधित नाही. माणूस बडतर्फ झाला.

आरोपपत्राला फक्त ठोसा दिसतो. वाईट मारधाडीच्या चित्रपटालाही फक्त ठोसाच दिसतो. चांगल्या चित्रपटाला मात्र ते अकरा दिवस दिसतात. आज आमचे म्हणणे काय, असे कोणी दारात अडवून विचारले तर एवढेच.

ही जात आपल्याकडे जुनी आहे. तिला पूर्वी स्टंटपट म्हणत. वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' 1935 साली आला आणि त्यातील नादियाबाईंनी चाबूक उगारून धटिंगणांना लोळवलेले पाहायला थिएटरे भरली. पुढे भगवानदादांनी स्वस्तातले स्टंटपट काढले. ते स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव. 'अलबेला' 1951 सालचा, परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे ते पडद्यावर मारामाऱ्या करीत होते आणि पुढच्या बाकांवरचा प्रेक्षक त्यांना आपला समजत होता. या चित्रपटांत माणूस पहिल्या रिळात जसा असतो तसाच शेवटच्या रिळात असतो. शूर तो शूर, दुष्ट तो दुष्ट. समीक्षक यावर नाके मुरडतात. आम्हांला ती तक्रार पटत नाही. कुस्तीच्या फडात जाऊन पहिलवानाच्या मनातील द्वंद्व दिसले नाही म्हणून कोणी रडत नाही. दिवसभर यंत्रापुढे वाकलेल्या माणसाला दुसऱ्याचे शरीर मोकळेपणी उडताना पाहून बरे वाटते, यात कमीपणा कसला?

पण आपल्या लोकांची भूक तेवढीच नाही, याची साक्ष महाभारत देते. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होते तेव्हा भीमाच्या अंगी बळ नाही असे थोडेच आहे? तो सहदेवाला अग्नी आणायला सांगतो, कशासाठी, तर ज्या हातांनी डाव खेळला ते धर्मराजाचे हात जाळण्यासाठी! अर्जुन त्याला आवरतो. तो प्रतिज्ञा करतो आणि खाली बसतो. त्यानंतर तेरा वर्षे वनवास आणि अज्ञातवास, मग शिष्टाई, मग अठरा दिवसांचे युद्ध; तेव्हा कोठे गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडते. आमच्या वेल्डरचे अकरा दिवस होते, भीमाची तेरा वर्षे. कीर्तनकार ती वर्षे गाळत नाही. गाळली तर गदेचा आवाज बोथट होईल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता 'दीवार'कडे येतो. हा चित्रपट 1975 च्या जानेवारीत आला. दिग्दर्शन यश चोप्रा यांचे, लेखन सलीम आणि जावेद या जोडीचे. आदल्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि मोडला गेला होता. पाच महिन्यांनी आणीबाणी यायची होती. आम्ही तेव्हा लहान होतो. आम्ही तो पुष्कळ पुढे, गणेशोत्सवात रस्त्यावर बांधलेल्या कापडी पडद्यावर पाहिला. पुढे युनियनचे काम करू लागल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा ध्यानात आले, की ही गोष्ट मुळात एका युनियनच्या माणसाची आहे.

आनंद वर्मा हा कोळशाच्या खाणीतील कामगारांचा पुढारी. ही भूमिका सत्येन कप्पू यांनी केली. मालक त्याची बायको आणि दोन मुले ताब्यात घेतो आणि त्याच्यापुढे कागद ठेवतो. तो सही करतो. कामगारांच्या मागण्या बुडतात. कामगार त्याला फितूर ठरवून झोडपतात आणि तो परागंदा होतो. मग काही माणसे त्याच्या थोरल्या मुलाला, विजयला, धरतात आणि बाप चोर असल्याचे त्याच्या हातावर गोंदवून टाकतात. आई मुलांना घेऊन मुंबईला येते, पुलाखाली राहते, इमारतीच्या बांधकामावर विटा वाहते.

येथपर्यंतच्या कथेत मारामारी जवळजवळ नाही, परंतु पुढील प्रत्येक ठोशाची उधारी येथे मांडून ठेवली आहे. गोंदण ही युक्ती पाहा. मनावरची जखम दाखवायला कादंबरीकाराला पानेच्या पाने लागतात. येथे ती बाहीच्या आत लिहिलेली आहे. विजय बाही दुमडो वा न दुमडो, ती तेथे आहे हे आपल्याला ठाऊक असते. पुढे तो बूटपॉलिश करतो. एक श्रीमंत गिऱ्हाईक पैसे जमिनीवर फेकते, तर तो ते उचलत नाही, हातात द्या म्हणतो. मोठेपणी त्याच माणसाने नोटा फेकल्यावर तो पुन्हा हेच म्हणतो. मध्ये कितीएक वर्षे गेली, अंगाने तो वाढला, पण त्या एका जागी तो अजून त्या पोराएवढाच आहे. मानसशास्त्राची पुस्तके याला काही जड नाव देतील. आमच्या चाळीत म्हणतात, माणूस तेथे अडकून राहिला.

त्यानंतर गोदीचा प्रसंग. विजय हमाल आहे, बिल्ल्याचा आकडा 786. पीटर नावाच्या दादाची माणसे दर पगाराला हमालांकडून हप्ता घेतात. एक नवा पोरगा हप्ता नाकारतो आणि पळताना ट्रकखाली मरतो. विजय त्या दिवशी काही करत नाही. म्हाताऱ्या रहीमचाचाला एवढेच सांगतो, की पुढच्या पगाराला आणखी एक हमाल हप्ता नाकारील. पुढच्या वेळी पीटरची माणसे त्याला शोधत फिरतात, आणि तो त्यांच्याच गोदामात पाय पसरून बसलेला सापडतो. दार आतून बंद करतो, कुलूप लावतो, आणि किल्ली पीटरकडे फेकून म्हणतो की ती खिशात ठेव. मी तेथूनच काढून घेईन.

पोरे येथे शिट्ट्या मारतात. मारोत बापडी. पण ही किल्ली नुसती ऐट नाही. कुलूप लावल्यावर पीटरच्या माणसांना बाहेर जाता येणार नाही हे खरे, पण विजयलाही जाता येणार नाही. ज्याचा बाप पळून गेला, त्या मुलाला स्वतःच्या पायांची खात्री नाही. आपण पळूच शकणार नाही अशी तजवीज तो आधी करतो. नंतर घरी जखमी होऊन परततो तेव्हा आई रागावते. त्यावर तो तिलाच विचारतो, मीही तोंड लपवून पळून जाऊ काय? म्हणजे गोदामात तो पीटरशी लढत होता आणि त्याच वेळी आनंद वर्माशीही. अमिताभ बच्चन यांनी हे काम केले ते आवाज चढवून नव्हे; बहुतेक वेळ हा माणूस जणू दुसरीकडेच पाहत असतो.

येथून पुढे ज्याला आपण उत्कर्ष म्हणू तो सुरू होतो, आणि लेखकांचे खरे शहाणपण त्यात आहे. विजय तस्करांच्या धंद्यात शिरतो, श्रीमंत होतो, आणि ज्या इमारतीवर आईने विटा वाहिल्या ती विकत घेतो. विकणारा त्याला हसतो, की तुला सौदा करता येत नाही, फार किंमत दिलीस. विजय म्हणतो, सौदा तुम्हाला कळत नाही, मी याहून जास्त दिली असती. पण आई त्या पैशाच्या घरात राहत नाही. ती धाकट्या रवीकडे, पोलीस अधिकारी झालेल्या मुलाकडे जाते. विजयने सगळे मिळवले, फक्त गोंदण तेवढे पुसता आले नाही. जगाकडून भरपाई घेता येते, पण ज्या दिवशी अपमान झाला तो दिवस परत आणून वेगळा घडवता येत नाही. अखेर सख्ख्या भावाच्या गोळीने तो देवळात आईच्या मांडीवर मरतो.

आता आमचे भांडण. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराच्या नियमनाचा कायदा झाला. मुंबईच्या गोदीत पी. डिमेलो यांच्यासारख्या माणसांनी संघटना बांधली. ते 1958 साली वारले, त्यांच्या हाताखाली जॉर्ज फर्नांडिस तयार झाले. असे असता 1975 सालच्या या चित्रपटातील गोदीत युनियनचा मागमूस नाही! हमाल आहेत, दादा आहे, रहीमचाचा आहे, पण चार माणसे एकत्र बसून हप्त्याविषयी बोलताहेत असे एकही दृश्य नाही. कोणी म्हणेल, हे तुमचे धंद्याचे रडगाणे झाले. तसे समजू नका. तक्रार कलेच्या अंगाने आहे. ज्या लेखकांनी एका विजयच्या मनात इतके खोल पाहिले, त्यांनी बाकीच्या हमालांना मन दिले नाही. त्यांना भीती दिली, टाळ्या वाजवायला हात दिले. आणि खाणीतले ते कामगार? आपला पुढारी एका दिवसात असा कसा पालटला, घरी सगळे ठीक आहे ना, एवढे विचारायला त्यांतला एकही पुढे होत नाही. आमच्या अनुभवात वाईट करार घेऊन आलेल्या पुढाऱ्याला शिव्या मिळतात, प्रसंगी चपलाही दिसतात; पण शंभरात दोघेतिघे असे असतातच, जे रात्री त्याच्या घरी जाऊन दार लोटून विचारतात, की खरे काय झाले ते सांग. ते दोघेतिघे कथेत आले असते तर पोराच्या हातावर गोंदले गेले नसते. आणि मग चित्रपटही झाला नसता, हे आम्हांला कळते.

पण प्रेक्षकाच्या बाकावरून याचे जे होते ते आम्ही गेटवर पाहतो. तरुण पोरगा सभेला येतो, सर्व ऐकतो, आणि विचारतो, साहेबाला गाठून दोन लगावणारा कोणी आहे की नाही? त्याला बैठका नकोत, गोदामाचे कुलूप हवे आहे. ही चित्रपटाची करणी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या अंगावर जे गोंदले आहे ते चित्रपटाने गोंदलेले नाही. चित्रपटाने फक्त त्याला ओळखले. युनियनच्या पत्रकांत मागण्या असतात, आकडे असतात, महागाईचा निर्देशांक असतो; झाडू हातात दिल्यावर मुलाकडे न पाहणारा वेल्डर त्यांत नसतो.

संतापाचे दुसरे एक चित्र 'अर्धसत्य'मध्ये आहे, आणि ते आपल्या घरचे आहे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा केली, गोविंद निहलानींनी 1983 साली चित्रपट. फौजदार अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, पोलीस हवालदाराचा मुलगा आहे. बापाने आईला मारताना त्याने लहानपणी पाहिले आणि काही करू शकला नाही. त्याला शिकायचे होते. बापाने पोलिसात घातले. तेथे रामा शेट्टीसारखा गुंड एका फोनवर आपली माणसे सोडवून नेतो. सदाशिव अमरापूरकरांचा तो शेट्टी आठवा, आवाज न चढवता बोलणारा. अनंतच्या वाट्याचे श्रेय दुसरा अधिकारी नेतो. राग साठत जातो, दारू सुरू होते. आणि एके रात्री तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारतो. एवढा मारतो की तो मरतो.

येथे शिटी वाजत नाही. ज्याच्यावर राग होता तो शेट्टी घरी सुखरूप; मार बसला तो रेडिओ चोरणाऱ्याला. बहुतेक मारधाडीच्या चित्रपटांत ठोसा पत्त्यावर बरोबर पोचतो, ही त्यांची मोठी थाप आहे. खऱ्या जगात तो बहुधा खालच्या मजल्यावर पडतो. साहेब अधिकाऱ्यावर ओरडतो, अधिकारी मुकादमावर, मुकादम हेल्परवर, आणि हेल्परच्या घरी संध्याकाळी काय होते ते शेजारपाजारच्या बायकांना विचारावे. अनंतचा बाप हवालदार होता हे उगाच नाही. शेवटी अनंत शेट्टीचाही गळा दाबतो. पण तोवर तो मदत मागायला त्याच्याच दारात गेलेला असतो, आणि त्या खुनाने कोठडीतला मेलेला माणूस उठत नाही.

मग अनेकांना मन देणारा मारधाडीचा चित्रपट कोणी केलाच नाही काय? केला आहे, जपानात, 1954 साली. अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय'. साडेतीन तासांच्या आसपासचा. सोळाव्या शतकातले एक खेडे. पीक तयार झाले की चाळीस दरोडेखोर येणार. गावकरी लढवय्ये भाड्याने आणायचे ठरवतात, पण द्यायला भाताशिवाय काही नाही. लढवय्यांना भात आणि स्वतः वरईसारखे हलके धान्य, असा तो व्यवहार. सात जण जमतात. त्यांचा म्होरक्या कांबेई आपल्याला प्रथम दिसतो तो नदीकाठी डोके भादरून घेताना. एका चोराने मूल पळवून ओलीस धरले आहे. त्याच्याजवळ जाता यावे म्हणून हा भिक्षूचे सोंग घेतो. सामुरायाला शेंडी म्हणजे अब्रू. ती हा माणूस एका अनोळखी मुलासाठी उतरवून टाकतो, तीही तोंडातून एक शब्द न काढता. पुढे तीन तास त्याच्याविषयी कोणी काही सांगण्याची गरज उरत नाही.

पण आमचे लक्ष शेतकऱ्यांकडे अधिक गेले. रिकिची नावाचा एक तरुण शेतकरी आहे. कोणी त्याच्या लग्नाची थट्टा करते आणि तो एकदम उठून चालता होतो. का, ते पुष्कळ वेळ कळत नाही. नंतर दरोडेखोरांचा अड्डा पेटवतात तेव्हा आतून एक बाई बाहेर येते. ती त्याची बायको, दरोडेखोरांनी नेलेली. ती नवऱ्याला पाहते आणि वळून पुन्हा आगीत जाते. दुसरा एक शेतकरी रक्षण करायला आलेल्या सामुरायांच्याच भीतीने आपल्या मुलीचे केस कापतो. हे शेतकरी भित्रे आहेत, लबाड आहेत, मेलेल्या सामुरायांची चिलखते त्यांनी दडवून ठेवली आहेत. ती सापडल्यावर सामुराय संतापतात. तेव्हा किकुचियो हा सातवा, सामुराय म्हणवणारा पण जन्माने शेतकऱ्याचा पोर, उसळून बोलतो: शेतकरी असे आहेत खरे, पण त्यांना असे केले कोणी? तुम्हीच ना, त्यांची गावे जाळून? तोशिरो मिफुने यांनी हे काम केले आहे. पुढे जळत्या गिरणीतून वाचलेले तान्हे मूल हातात घेऊन तो पाण्यात बसतो आणि रडतो, की हा मीच होतो. त्याचेही गोंदण होते तर! फक्त ते दाखवायला त्याला भोवती माणसे मिळाली.

आणि एक प्रसंग तर आम्ही कार्यकर्त्यांच्या शिबिरात नेहमी सांगतो. पुलापलीकडची तीन घरे वाचवता येणार नाहीत, ती सोडावी लागतील, असे ठरते. त्या घरांचे लोक भाले टाकून रांगेतून निघतात, आम्ही आमचेच घर राखू म्हणतात. कांबेई तलवार उपसून त्यांच्यामागे धावतो आणि त्यांना रांगेत परत आणतो. वीस घरांसाठी तीन सोडावी लागतील, दुसऱ्याला राखाल तर तुम्ही राखले जाल, असे दरडावतो. संपात फूट पडते ती अशीच पडते, आणि फुटणारा प्रत्येक जण दुष्ट नसतो. त्याचे घर पुलापलीकडे असते. अख्ख्या चित्रपटात ही तलवार शत्रूवर नव्हे, आपल्यांवर उगारलेली आहे, म्हणून तिचे वजन आम्हांला सर्वांत अधिक वाटते.

हा चित्रपट आम्ही एकदा युनियनच्या कार्यालयात भिंतीवर चादर बांधून दाखवला. खाली इंग्रजी अक्षरे, आणि शेजारी उभे राहून आम्ही मराठीत सांगत होतो. शेवटी लढाई संपते. सातांतले चार मेले आहेत, चौघेही बंदुकीच्या गोळीने. तलवारीने त्यांना कोणी जिंकू शकले नाही. गावकरी ढोल वाजवीत, गात, भाताची लावणी करताहेत. उरलेले तिघे थडग्यांपाशी उभे आहेत, आणि कांबेई म्हणतो, जिंकले ते शेतकरी, आपण नाही. दिवा लावला, तर मागच्या रांगेत बसलेला एक म्हातारा माथाडी उठून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे हो. पण आता त्या तिघांना काम कोण देणार?"

त्या रात्री त्यावर अकरा वाजेपर्यंत वाद चालला होता.